एक्झॉटिक: मुंबईच्या गच्चीवरून बाह्यग्रह (इतर ताऱ्यांभोवतीचे ग्रह) टिपण्यासाठी
नासाच्या एक्सोप्लॅनेट वॉच उपक्रमाचं हे मोफत सॉफ्टवेअर गूगल कोलॅबवर, म्हणजे थेट ब्राउझरमध्ये चालतं. दुर्बिणीतून घेतलेल्या फोटोंच्या फिट्स फायली द्या, लक्ष्य ताऱ्याची आणि तुलनेच्या ताऱ्यांची पिक्सेलमधली जागा सांगा. प्रकाशवक्र (ताऱ्याचा प्रकाश वेळेनुसार कसा बदलला याचा आलेख) आणि अधिक्रमणाची, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाण्याची, मध्यवेळ हातात येते. फारच उत्तम काम!

सुरुवात एचडी १८९७३३ बी पासून करा. दर २.२ दिवसांनी हा ग्रह ताऱ्यासमोरून जातो आणि प्रकाश साधारण २.४ टक्के घटतो. एवढी घट मुंबईच्या उजळ आकाशातही सापडते. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की संध्याकाळी तारा जवळजवळ डोक्यावर असतो. अधिक्रमण पावणेदोन तासांचं, पण आधी आणि नंतर एकेक तास घ्याच, नाहीतर मूळ पातळीच ठरत नाही. तारा ७.७ प्रतीचा, म्हणजे दुर्बिणीसाठी बराच तेजस्वी, असल्याने एक्स्पोजर वाढलं की पिक्सेल भरतात आणि घट पुसली जाते. फोकस किंचित सोडावा.

खरा घोळ वेळेचा होतो. फायलीच्या हेडरमध्ये, म्हणजे फोटोसोबतच्या नोंदीत, यूटीसीऐवजी (जागतिक प्रमाणवेळेऐवजी) भारतीय वेळ गेली, की मध्यवेळ साडेपाच तासांनी चुकते. दमट हवेत लेन्सवर दव धरलं तर वक्र घसरतो, आणि ते कुठलंही सॉफ्टवेअर भरून काढत नाही; ड्यू हीटर लावाच.