टेक्सासची बार्बेक्यू वारी मोटरसायकलवरून: कुठला पिट वेळेत बसतो आणि कुठला नाही

मध्य टेक्सासातल्या बार्बेक्यू दुकानांची परीक्षणं ढिगानं सापडतात, पण ती गाडी लावून निवांत जेवणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. ठरलेल्या मुदतीत ठरलेली दुकानं गाठायची, प्रत्येक ठिकाणी पाटीसमोर बाईक उभी करून फोटो काढायचा, पावती जपायची आणि पुढे निघायचं, अशी मोहीम काढणाऱ्याचे प्रश्न वेगळे असतात. दुकान किती वाजता उघडतं, मांस किती वाजता संपतं, पावतीवर वेळ छापून येते का, आणि खाल्ल्यावर पुढचे शंभर मैल डोळे उघडे राहतात का? इथली पारख याच मापांनी केली आहे.

अशा मोहिमेत अंतर फारसं आडवं येत नाही, घोडं अडतं ते पिटच्या, म्हणजे मांस धुरावर शिजवायच्या भट्टीच्या, घड्याळापाशी. अख्खं ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचं मांस, पाच ते सात किलोचं असतं आणि ११० ते १३५ अंश सेल्सिअसच्या धुरात बारा तास किंवा त्याहून जास्त राहतं. मांसाच्या आतलं तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान आलं की ते तासन् तास तिथेच अडकून बसतं, कारण पृष्ठभागावरचा ओलावा उडताना मांस थंड होत राहतं. ते अडथळा ओलांडून ९५ अंशांच्या आसपास पोचतं तेव्हाच चिवट भाग विरघळून मऊ होतो. म्हणून दुपारी एक वाजता गर्दी वाढली तरी मालकाला आणखी माल लावता येत नाही. आदल्या रात्री जेवढं पिटवर चढलं तेवढंच. दुकान सहापर्यंत उघडं असेलही, पण ब्रिस्केट दोनलाच संपलेलं असू शकतं. वेळापत्रक आखताना बंद होण्याची वेळ विसरा, उघडण्याची वेळ धरा.

शनिवारचा एक मार्ग बघा: लेक्सिंग्टन, टेलर, एल्गिन, लॉकहार्ट, लुलिंग. सगळं मिळून सव्वाशे मैलांच्या आत, म्हणजे दोनशे किलोमीटरही नाही. नकाशावर हे पोरखेळ वाटतं. तरीही पूर्ण दिवस जातो.

सुरुवात लेक्सिंग्टनच्या स्नोज बीबीक्यूपासूनच करावी लागते. ते फक्त शनिवारी उघडतं, सकाळी आठला, आणि रांग उजाडायच्या आधीपासून लागते. २००३ साली सुरू झालेलं हे दुकान २००८ मध्ये ‘टेक्सास मंथली’ मासिकानं राज्यात पहिलं ठरवलं आणि २०१७ मध्ये पुन्हा तोच मान दिला. १९३५ साली जन्मलेल्या टूट्सी टोमानेट्झ यांचं नाव या पिटशी कायमचं जोडलं गेलं आहे. ब्रिस्केट उत्तमच, पण इथली खरी ओळख निखाऱ्यांवर थेट भाजलेलं पोर्क स्टेक. डुकराच्या खांद्याचा हा काप इतर दुकानांत क्वचितच दिसतो. मोहिमेच्या दृष्टीनं स्नोजचा दोष म्हणजे वार. शनिवार चुकला तर आठवडा गेला. ऑस्टिनहून लेक्सिंग्टन सुमारे पन्नास मैल आहे, म्हणजे अंधारात दोनपदरी रस्त्यावरून जावं लागतं, आणि हरणांची वर्दळही त्याच वेळेला असते. शक्य असेल तर आदल्या रात्रीच जवळ मुक्काम करा.

टेलरचं लुई म्युलर बार्बेक्यू १९४९ पासूनचं, २००६ मध्ये खाद्यक्षेत्रातल्या जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ सन्मान मिळालेलं. भिंती धुरानं तांबूसकाळ्या झालेल्या, मांसावर भरड मिऱ्याचा जाड थर. इथली बीफ रिब, म्हणजे गाईची बरगडी, जगप्रसिद्ध आहे आणि तीच बाईकवाल्याचा घात करते. एकेक रिब हाडासकट पौंडभर किंवा जास्त भरते आणि सगळी चरबीदार. ती खाऊन भर दुपारी ३८ अंशांत हेल्मेट घालून निघालात तर अर्ध्या तासात झापड येणार, हे ठरलेलं. रिब खायचीच असेल तर तो दिवस टेलरला संपवा.

मागणी वजनावर द्यायची असते आणि नवखा माणूस इथेच फसतो. अर्धा पौंड म्हणजे २२७ ग्रॅम. ऐकायला थोडं वाटतं, पण सोबत सॉसेज आणि एक रिब आली की जेवण पाऊण किलोकडे जातं. काउंटरवर पाव पौंड मागायला लाजू नका, देतात. ‘मॉइस्ट’ किंवा ‘फॅटी’ म्हणजे चरबीचा भाग, ‘लीन’ म्हणजे कोरडा. चव मॉइस्टमध्ये आहे, पण पुढे रस्ता बाकी असेल तर अर्धं अर्धं घ्या. दिवसात दोनच ठिकाणी खा, तेही पाव पौंड. तिसरीकडे फक्त एक सॉसेज चाखा, आणि बाकी ठिकाणी फोटो, पावती आणि बांधून घेणं एवढंच. लांब पल्ल्याचे मुरलेले चालक प्रवासात हलकंच खातात. बार्बेक्यूची मोहीम नेमकी त्या शहाणपणाच्या उलट दिशेला ओढते आणि तिची खरी अवघडता तिथेच आहे.

एल्गिनचं साउथसाइड मार्केट १८८२ पासूनचं. सॉसेज हा इथला जुना धंदा, आणि मूळ सॉसेज पूर्ण गोमांसाचं. मोठी जागा, ऐसपैस पार्किंग, पटकन काम. मोहिमेसाठी सोयीचा थांबा, आणि एका सॉसेजवर भागवता येतं.

लॉकहार्टला मात्र वेळ राखून ठेवा. टेक्सासच्या विधिमंडळानं या गावाला राज्याची बार्बेक्यू राजधानी म्हणून मान दिला आहे आणि तीन जुनी दुकानं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. क्रॉइट्स मार्केट १९०० साली मांसाचं दुकान म्हणून सुरू झालं. जर्मन आणि चेक वस्तीतले खाटीक न विकलं गेलेलं मांस धुरावर लावत, त्यातून ही सगळी परंपरा उभी राहिली, म्हणूनच मांस आजही वजनावर आणि कागदात मिळतं. १९९९ मध्ये मालक कुटुंबात वाटणी झाली. भावानं ‘क्रॉइट्स’ हे नाव नव्या भव्य इमारतीत नेलं आणि जुन्या पिटमधले धगधगते निखारे रस्त्यावरून ओढत नव्या पिटपर्यंत पोचवले. जुनी इमारत बहिणीकडे राहिली, ती आता स्मिटीज मार्केट.

दोघांत निवड करायची तर डोळ्यांसाठी स्मिटीज, वेळेसाठी क्रॉइट्स. स्मिटीजमध्ये मागच्या दारानं शिरलात की पिटच्या तोंडाशी जमिनीवरच उघडी आग पेटलेली असते आणि रांग तिच्या अगदी जवळून जाते. ऑगस्टमध्ये रायडिंग जॅकेट घालून तिथे उभं राहणं म्हणजे शिक्षा, जॅकेट बाईकवरच कुलूपबंद करा. क्रॉइट्समध्ये पार्किंग मोठं, रांग भराभर सरकते आणि सॉसेज झकास. अनेक दशकं इथे सॉस आणि काटे दोन्ही मिळत नसत. तिसरं ब्लॅक्स बार्बेक्यू, १९३२ पासूनचं. सातही दिवस आणि रात्रीपर्यंत उघडं असल्यामुळे मोहिमेचं वेळापत्रक कोलमडलं की हेच कामाला येतं. तिन्हीत सर्वांत भरवशाचा थांबा कोणता, तर ब्लॅक्स.

लॉकहार्टहून लुलिंग यूएस १८३ वरून सुमारे १५ मैल. तिथलं सिटी मार्केट आमच्या मते या मार्गावरचं सर्वांत प्रामाणिक दुकान आहे. तीनच जिन्नस: ब्रिस्केट, पोर्क रिब्स, सॉसेज. मांस मागच्या धुरकट खोलीत जाऊन घ्यायचं, पेय आणि बाकीचं बाहेरच्या वेगळ्या काउंटरवर. मोहरीच्या अंगाचा सॉस इतका चांगला की सॉस न खाणाराही बुडवून बघतो. रविवारी बंद, हे लक्षात ठेवा. गावाबाहेर आय-१० वर २०२४ मध्ये उघडलेलं बकीजचं अवाढव्य दुकान आहे, १२० पंपांचं. पेट्रोल, बर्फ आणि स्वच्छ शौचालय तिथेच उरकून घ्या.

लॉकहार्टच्या बाजूनं स्टेट हायवे १३० जातो. ऑस्टिन आणि सेगिन यांच्यामधल्या त्याच्या दक्षिण भागावर वेगमर्यादा ताशी ८५ मैल आहे, म्हणजे १३७ किलोमीटर, अमेरिकेतली सर्वांत जास्त. वेळ भरून काढायला हा टोल रस्ता मोहात पाडतो. पण त्या वेगाला वाऱ्याचा विरोध इतका वाढतो की मोठी काच नसलेल्या बाईकचं मायलेज चटकन घसरतं, नेहमीच्या हिशेबानं टाकी पुरत नाही. शिवाय अंधारात या रस्त्यावर रानडुकरं येतात. दिवसा वापरा, रात्री १८३ वरून सावकाश या.

पश्चिमेकडची दोन नावं प्रत्येक यादीत असतात. लॅनोचं कूपर्स: बाहेरच्या पिटवरून मांस स्वतः निवडायचं, आत जाऊन वजन करायचं. इथे ओकचं लाकूड नाही, मेस्किटचं जाळून त्याचे निखारे पिटमध्ये टाकतात. त्यामुळे चव तीव्र, भाजल्यासारखी. लॉकहार्टनंतर हा फरक जिभेला लगेच कळतो आणि तेवढ्यासाठी ऑस्टिनहून सुमारे ७५ मैलांची रपेट वसूल होते. ड्रिफ्टवुडचं सॉल्ट लिक देखणं आहे, पण टेबलावर बसून हवं तेवढं खाण्याची त्यांची पद्धत मोहिमेच्या मुळावर येते. वेळही जातो आणि पोटाला तडसही लागते. ते मोहीम संपल्यावर घरच्या लोकांबरोबर जाण्याचं ठिकाण आहे. या डोंगराळ भागात रस्ते ओढ्यांच्या तळावरूनच जातात. पाणी ओसरलेलं असलं तरी काँक्रीटवर शेवाळ असतं. तिथे ब्रेक लावू नका, बाईक सरळ ठेवून एका वेगात पार करा. पाणी वाहत असेल तर मागे फिरा, फोटो गेला तरी चालेल.

आता प्रमाणपत्राबद्दल. लांब पल्ल्याच्या मोटरसायकलस्वारांच्या आयर्न बट असोसिएशनचं सॅडलसोर १००० म्हणजे २४ तासांच्या आत १,००० मैल (१,६०९ किलोमीटर), आणि बनबर्नर १५०० म्हणजे ३६ तासांत १,५०० मैल. त्यांची तपासणी कडक आहे आणि म्हणूनच त्या कागदाला किंमत आहे. पण सॅडलसोरमध्ये पाच पिट कोंबायचा प्रयत्न करू नका. बार्बेक्यूची दुकानं बहुतेक सकाळी ११ ते संध्याकाळ एवढीच जागी असतात, २४ तासांतले उरलेले सगळे तास अंधारे. जुळणारा आराखडा एकच: एका दुकानात दुपारचं जेवण, रात्रभर प्रवास, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानात दुपारचं जेवण. लॉकहार्ट ते नॉर्थ कॅरोलायनातलं लेक्सिंग्टन बार्बेक्यू हे अंतर सुमारे १,२०० मैल. एका टोकाला मिरी लावलेलं गोमांस, दुसऱ्या टोकाला व्हिनेगरचा सॉस घातलेला डुकराचा खांदा, असा सुरेख जोड जमतो. पूर्वेकडे जाताना घड्याळ एक तास पुढे जातं, म्हणजे पावत्यांवर २५ तास दिसतील. नोंदवहीत वेळक्षेत्र स्पष्ट लिहा. नॉर्थ कॅरोलायनातलं हे दुकानही रविवारी बंद, तेव्हा शनिवारी निघू नका. आणि डोळे मिटू लागले तर थांबून झोपा. प्रमाणपत्र पुढच्या महिन्यातही मिळतं.

पावत्यांवरच अर्ज फेटाळले जातात, म्हणून थोडं सविस्तर. पेट्रोल भरल्यावर पंपाच्या पडद्यावर पावती ‘आत जाऊन घ्या’ असं आलं तर खरंच आत जा. पावतीवर तारीख, वेळ आणि गाव तिन्ही छापलेलं आहे का ते बाईक हलवण्याआधी बघा. काही पावत्यांवर कंपनीच्या मुख्य कार्यालयाचा पत्ता असतो, काही पंपांचं घड्याळ तासभर चुकलेलं असतं. अशी पावती आली तर समोरच्या दुकानातून पाण्याची बाटली घेऊन दुसरी मिळवा. कागद थर्मल असल्यामुळे उन्हात तापलेल्या टँक बॅगमध्ये तो काळा पडतो. लगेच ओडोमीटरसोबत फोटो काढा आणि कागद पाकिटात घालून कपड्यांच्या पिशवीत ठेवा. बाईकचा ओडोमीटर खऱ्या अंतरापेक्षा थोडा जास्त दाखवू शकतो, तेव्हा नेमके १,००० मैल आखू नका. पन्नासेक मैल हातचे ठेवा.

बांधून घेतलेल्या मांसाचा नियम अमेरिकी कृषी खात्याचाच आहे: ४ ते ६० अंशांच्या दरम्यान दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. टेक्सासच्या उन्हाळ्यात बंद टॉप बॉक्स म्हणजे दुसरा ओव्हनच. गरम मांस नेऊच नका. अनेक दुकानं ब्रिस्केट थंड करून व्हॅक्यूम पॅकमध्ये देतात, ते मागा आणि बर्फासकट मऊ कूलरमध्ये ठेवा. अंगाचंही तसंच. ३५ अंशांच्या वर जाळीचं जॅकेट गार करत नाही, उलट तापलेली हवा अंगावर फेकतं. आतला शर्ट दर थांब्यावर पाण्यात भिजवून घाला.

गोमांस न खाणाऱ्यांनी ही मोहीम सोडायचं कारण नाही. टर्की ब्रेस्ट, चिकन आणि पोर्क रिब्स बहुतेक ठिकाणी असतात, फक्त सॉसेज विचारून घ्या, क्रॉइट्सचंही बहुतांशी गोमांसाचंच असतं. शाकाहारी सोबती असेल तर बटाट्याचं सॅलड, कोबीचं सॅलड, लोणचं, पांढरा पाव एवढ्यावर भागवावं लागेल. उसळीसारख्या दिसणाऱ्या बीन्समध्ये बहुतेक वेळा मांसाचे तुकडे किंवा चरबी असते, तिथे विचारल्याशिवाय चमचा घालू नये.