घटनात्मक विकासाचा कोर्स: पुणे करारासाठी तरी घ्याच

राज्यसेवेसाठी पुण्यातल्या एका अकॅडमीचा १९०९ ते १९४७ या काळावरचा रेकॉर्डेड कोर्स घेतला. फी बाराशे रुपये. व्हिडिओ जरूर घ्या, छापील नोट्स मात्र घेऊ नका.

हा विषय बहुतेक ठिकाणी तक्त्यावर भागवतात. मोर्ले-मिंटो सुधारणा १९०९, माँटफर्ड (माँटेग्यू-चेम्सफर्ड) सुधारणा १९१९, ब्रिटिश सरकारचा जातीय निवाडा १९३२, करा पाठ. मत कोणी कोणाला दिलं, हे त्यातून कधीच कळत नाही. इथले सर आधी तेवढंच पक्कं करून घेतात. संयुक्त मतदारसंघात जागा राखीव असली तरी मत सगळेच देतात. विभक्त मतदारसंघात उमेदवार त्या समाजाचा आणि मतदारही त्याच समाजाचे. त्यांची यादीच निराळी. इतरांच्या दारात मतं मागायला जायची उमेदवाराला गरजच पडत नाही. हे डोक्यात बसलं की १९०६ मध्ये आगाखानांचं शिष्टमंडळ मुसलमानांसाठी विभक्त मतदारसंघ मागायला सिमल्याला व्हाइसरॉय मिंटोंकडे का गेलं आणि ते देणाऱ्या १९०९ च्या कायद्याने नेमकं काय बदललं, ते आपोआप उलगडतं.

पुणे कराराचं लेक्चर तर अप्रतिम आहे. सर फळ्यावर एक अस्पृश्य मतदार उभा करतात आणि त्याच्या हातातली मतं मोजायला लावतात. ऑगस्ट १९३२ च्या निवाड्यात त्याला दोन मतं होती, एक विशेष मतदारसंघात आणि दुसरं सर्वसाधारण मतदारसंघात. त्या निवाड्याविरुद्ध गांधीजींचं उपोषण झालं, २४ सप्टेंबरला येरवड्यात करार झाला आणि अस्पृश्यांच्या प्रांतिक विधिमंडळांतल्या जागा ७१ वरून १४८ झाल्या. पण ते दुसरं मत गेलं. आता अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार जणांचं पॅनेल निवडायचं आणि त्या चौघांतला एक सगळ्यांनी मिळून निवडायचा. सर इथे थांबून विचारतात, प्राथमिक फेरीत चौथा आलेला अंतिम फेरीत जिंकू शकतो का? शकतो. बाबासाहेबांच्या पुढच्या सगळ्या टीकेचं मूळ मला त्या प्रश्नात सापडलं. त्यांनीच १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मिळणार असेल तर संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा चालतील असं सांगितलं होतं, हेही सर आवर्जून सांगतात. करारावर सही करणाऱ्यांत क्रिकेटपटू पी. बाळू होते, हे मला इथेच कळलं.

काँग्रेस आणि मुस्लिम लीगमधला लखनौ करार मात्र घाईत उरकलाय, आणि हे मला खरंच खटकलं. १९१६ मध्ये टिळक आणि जीना एका मांडवात आले आणि काँग्रेसने मुसलमानांचे विभक्त मतदारसंघ मान्य केले, एवढं सांगून सर पुढे जातात. संयुक्त प्रांतात (आजच्या उत्तर प्रदेशाच्या भागात) साधारण १४ टक्के असलेल्या मुसलमानांना ३० टक्के जागा आणि बंगालमध्ये बहुसंख्य असूनही ४० टक्केच, हा खरा सौदा होता. तो आला असता तर लेक्चर पूर्ण झालं असतं.

नोट्समध्ये तर ‘लखनौ करारामुळे विभक्त मतदारसंघ सुरू झाले’ असं चक्क छापलंय. व्हिडिओत सर बरोबर १९०९ सांगतात. परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्सच चाळणाऱ्याचा एक प्रश्न हमखास जाणार. अकॅडमीला मेल केला, ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ असं उत्तर आलं. निदान शुद्धिपत्रक तरी पाठवा, लोक पैसे मोजून घेतात.

अजून एक. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई विधिमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखीव होत्या, त्याही संयुक्त मतदारसंघात. मद्रासच्या ब्राह्मणेतरांच्या राखीव जागांवर सर भरभरून बोलतात आणि आपल्या प्रांताचं नावही घेत नाहीत. मराठी विद्यार्थ्यांसाठीच्या कोर्समध्ये हे यायलाच हवं.

शेवटचं लेक्चर संविधान सभेने विभक्त मतदारसंघ मोडीत काढले तिथपासून कलम ३२५ च्या एकाच मतदार यादीपर्यंत येतं. ते आणि पुणे करार सावकाश बघा. द्विदल राज्यपद्धती, म्हणजे १९१९ नंतर प्रांतांची खाती गव्हर्नर आणि मंत्री यांच्यात वाटणारी व्यवस्था, आधी वाचलेली असेल तर तो भाग दीडच्या स्पीडने चालतो.