रश्टन की हायड्रोफॉइल?
कोल्हापूरकडं मळीला तोटा नाही, त्यामुळं फर्मेंटरचा (मळी आंबवायच्या टाकीचा) विषय निघाला की आतली ढवळणारी पाती कुठली घ्यायची, यावरून वाद ठरलेलाच. रश्टन म्हणजे चकतीवर सहा उभी सपाट पाती; हायड्रोफॉइल म्हणजे पंखासारखी तिरपी, बाकदार पाती. रश्टनचा पॉवर नंबर, म्हणजे फिरवायला किती ताकद लागते त्याचा आकडा, साधारण 5. हायड्रोफॉइलचा जेमतेम 0.3 ते 0.5. म्हणजे त्याच व्यासाला, त्याच वेगाला रश्टन निदान दहापट ताकद खातो. पण हवेचे बुडबुडे बारीक फोडावेत तर त्यानंच! अर्थात हवा जोरात सोडली की पात्यांमागं हवेच्या पोकळ्या साठतात आणि रश्टनला लागणारी ताकद निम्म्यावरही येते.

मळीपासून अल्कोहोल करताना यीस्टला प्राणवायू फारसा लागतच नाही; तिथं रश्टन लावणं म्हणजे फुकट बिल वाढवणं. हायड्रोफॉइल सगळा द्रव वर-खाली फिरवतो, बास झालं. बेकरी यीस्टला मात्र प्राणवायू भरपूर लागतो, तिथं मी रश्टनच घेईन. आणि पात्यांचा व्यास जपून वाढवा: 10 टक्के वाढला, की त्याच वेगाला ताकद 60 टक्क्यांनी जास्त लागते.