स्टार्टअप वीकेंडला जावं का? जावं, पण शनिवारी हॉलबाहेर पडायची तयारी असेल तरच

ऑफिसमधले बरेच जण विचारतात की अख्खा वीकेंड घालवून, वर तिकिटाचे पैसे भरून स्टार्टअप वीकेंडला जाण्यात काही अर्थ आहे का, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मी पुण्यात केलं होतं, आयटीत नोकरी करते, स्वतःचं काहीतरी काढायची खुमखुमी जुनी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे प्रकरण म्हणजे एका वीकेंडमध्ये नव्या धंद्याची आयडिया मांडून टीमने तिच्यावर काम करायचा कार्यक्रम, २००७ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डरला सुरू झालं, २०१५ मध्ये टेकस्टार्सकडे, म्हणजे नव्या कंपन्यांना पैसे आणि मार्गदर्शन देणाऱ्या अमेरिकन संस्थेकडे गेलं, आणि जगात कुठेही गेलात तरी साचा साधारण तोच, ५४ तास. शुक्रवारी संध्याकाळी ज्याच्याकडे आयडिया आहे त्याने उभं राहून ६० सेकंदात सांगायची, मग सगळे मतं देतात, जास्त मतं पडलेल्या आयडियांभोवती टीम जमतात आणि रविवारी संध्याकाळी जजसमोर सादर करायचं. हॅकेथॉनसारखंच, म्हणजे एक-दोन दिवसांत सलग बसून सॉफ्टवेअर बनवायच्या स्पर्धेसारखंच वाटतं ऐकायला पण तसं नाहीये, इथे नुसतं चालणारं अ‍ॅप दाखवून भागत नाही, तुम्ही गिऱ्हाइकाशी बोललात का आणि पैसे कुठून येणार हे पण तितकंच विचारतात. म्हणून कोडिंग येत नाही म्हणून जाऊ नका असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका, आमच्या टीममध्ये चाकणला नोकरी करणारा एक मेकॅनिकलवाला होता आणि सगळ्यात जास्त कामाचा तोच ठरला, कारण त्याला अनोळखी माणसाशी बोलायला अजिबात संकोच नव्हता.

आमची आयडिया होती मेससाठी ऑनलाइन ऑर्डरचं अ‍ॅप. शुक्रवारी रात्री सगळ्यांना जाम आवडली होती. शनिवारी दुपारी कर्वेनगरच्या एका मेसमध्ये गेलो, काकू पोळ्या लाटत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "अगं ऑर्डरचं काय घेऊन बसलीस, पोरं महिन्याचे पैसे भरूनच येतात, मला संध्याकाळी किती जण येणार ते सांग." मग वही दाखवली. प्रत्येकाच्या नावापुढे खाड्यांच्या फुल्या, आणि महिनाअखेरीला त्यावरूनच भांडण, पोरगा म्हणतो मी सांगितलं होतं, काकू म्हणतात नव्हतं सांगितलं, आणि अंदाज चुकला की पोळ्या उरतात ते वेगळंच. तिथून बाहेर पडलो तेव्हा ऑर्डरचं अ‍ॅप संपलेलं होतं. रात्री बसून गूगल फॉर्म आणि शीटवर साधं काहीतरी उभं केलं, दुपारी चारच्या आत "आज नाही" कळवायचं, खाडा आपोआप मांडला जातो, वाद नाही. परत जाऊन महिन्याला किती द्याल विचारलं तर काकू म्हणाल्या आधी महिनाभर चालवून दाखवा, पोळ्या उरल्या नाहीत तर पैशाचं बघू. जजना आमच्या सादरीकरणात सगळ्यात जास्त हेच वाक्य आवडलं, आणि मला विचाराल तर तिकिटाचे पैसे तिथेच वसूल झाले. इतकी वर्षं सॉफ्टवेअर बनवतेय पण ते वापरणाऱ्या माणसासमोर उभं राहून त्याची वही बघायची वेळ नोकरीत कधीच आली नव्हती.

आता दुसरी बाजू. दोन दिवसात कंपनी तयार होते असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. झेपियर या वेगवेगळी अ‍ॅप्स एकमेकांना जोडून देणाऱ्या कंपनीचं उदाहरण सगळे देतात, २०११ मध्ये अमेरिकेत मिझुरीतल्या कोलंबियाच्या स्टार्टअप वीकेंडला तिच्या संस्थापकांनी पहिला नमुना बनवला हे खरं आहे, पण त्यानंतर त्यांनी नोकरी-शिक्षण सांभाळून कित्येक महिने त्याच्यावर काम केलं, वाय कॉम्बिनेटर या नव्या कंपन्यांना पैसे देऊन घडवणाऱ्या संस्थेने पहिल्यांदा नाकारलं, पुढे २०१२ मध्ये घेतलं. म्हणजे वीकेंडचा उपयोग सुरुवातीपुरता. बहुतेक टीम सोमवारी आपापल्या ऑफिसला जातात आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप थंड पडतो, आमचाही पडला, फक्त मी आणि तो चाकणवाला अजून मेसच्या मागे आहोत. मला एक पार्टनर मिळाला हेच पुष्कळ झालं.

मेंटर, म्हणजे टीमला सल्ला द्यायला येणारी अनुभवी माणसं, हा असल्या सगळ्याच कार्यक्रमांत नशिबाचा भाग. एकाचं ऐकून सगळं बदललं की तासाभराने दुसरा येऊन बरोबर उलटं सांगतो. ज्याने तुमच्या धंद्यात स्वतः हात घातलाय त्याचंच ऐका, बाकीच्यांना नमस्कार करून पुढे जा.

तुमचा धंदा आधीच चालू असेल, गिऱ्हाईक असेल, तर जाऊ नका, तिथे सगळे शून्यापासून सुरू करतात, तुमचा वेळ जाईल. कॉलेजवाल्यांनी जरूर जावं, पण पूर्ण टीम बरोबर घेऊन नको, एकटं जावं, नाहीतर मित्रांच्याच घोळक्यात बसून राहाल. आणि आयडिया चोरीला जाईल याची फार काळजी करू नका, त्यापेक्षा कोड कुणाच्या अकाउंटवर आहे, पुढे कोण किती काम करणार, मधेच सोडलं तर काय, हे रविवारी घरी निघायच्या आधी ग्रुपवर लिहून सगळ्यांकडून होकार घ्या.