घरी बदललेलं सेकंडहँड इंजिन: ९ महिने आणि ११,४०० किमीनंतरचा अनुभव

आधी निकाल. ९ महिन्यांत इंजिनाने एकदाही दगा दिला नाही. दगा दिला तो ‘हे अजून चालेल’ म्हणून जुनंच ठेवलेल्या रबरी भागांनी: टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) गॅस्केट, हीटरचा होज पाइप आणि मागचं फाउंडेशन (इंजिन बॉडीला धरून ठेवणारं रबरी माउंटिंग). इंजिन बाहेर असताना या तिन्ही वस्तू मिळून तासाभरात बदलून झाल्या असत्या. इंजिन जागेवर बसल्यावर एकेकीने अर्धा अर्धा दिवस खाल्ला.

गाडी साधी आहे. पुढे आडवं बसवलेलं १.२ लिटरचं चार सिलिंडर पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअरबॉक्स, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग. जुनं इंजिन तापून गेलं होतं. सिलिंडर हेड वाकलं होतं, पिस्टनच्या रिंगाही गेल्या होत्या आणि शेवटी शेवटी ते हजार किमीला लिटरभर ऑइल पीत होतं. त्याच्या जागी त्याच कोडचं, दुसऱ्या गाडीतून काढलेलं इंजिन बसवलं. बजेट कमी असताना ‘त्याच कोडचं’ ही अट सोडू नका. जास्त ताकदीचं वेगळं इंजिन स्वस्तात मिळालं तरी त्याचे माउंटिंग, वायरिंग, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), सायलेन्सरचा पाइप आणि ड्राइव्ह शाफ्ट जुळवता जुळवता वाचवलेल्या पैशांच्या दुप्पट खर्च होतो.

इंजिन विकत घेताना मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये पिस्टन हवेवर किती दाब आणतो ते) मोजा. इंजिन जमिनीवर पडलेलं असलं तरी मोजता येतं. त्यासाठी सेल्फ (स्टार्टर मोटर) बसवायला गिअरबॉक्सचं बेल हाउसिंग (क्लचवरचं घंटेसारखं कवच), भरलेली बॅटरी आणि जंप केबल लागते. चारही प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा आणि प्रत्येक सिलिंडरला गेज लावून पाच-सहा फेरे द्यायचे. या इंजिनाचे आकडे १७०, १६८, १७२ आणि १६५ पीएसआय आले. आकडा १५० ते १९० च्या दरम्यान असावा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंगा गेल्या, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. ऑइलच्या झाकणाखाली साय धरल्यासारखा पांढरा थर दिसला तर सावध व्हा. आणि चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या पात्राचा) बोल्ट उघडून तळाचं ऑइल बोटांत चोळून बघा. धातूच्या चुऱ्याची चकाकी दिसली की ते इंजिन तिथेच सोडायचं.

पैसे वाचवण्याची मोठी जागा म्हणजे क्रेन. ती भाड्याने दिवसावर मिळते, म्हणून आलेलं इंजिन पूर्ण तयार होईपर्यंत जुन्याला हात लावायचा नाही. सील, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच, सगळं बसवून ते स्टँडवर उभं राहिलं की मगच क्रेन आणायची. मग काढणं आणि बसवणं एकाच भाड्यात होतं. क्रेनचा हात जितका लांब करू तितकी तिची ताकद घटते. २ टनांची क्रेन पूर्ण लांबीला साधारण अर्धा टनच पेलते. असं छोटं इंजिन गिअरबॉक्सशिवाय १०० किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे ताकद पुरते. अडचण येते जमिनीची. क्रेनची छोटी लोखंडी चाकं खडबडीत जमिनीवर अडकतात आणि लटकलेलं इंजिन झोके घेतं. १८ मिमीची प्लायवूडची दोन पानं खाली टाकली की ती सरळ फिरतात. साखळी ब्लॉकच्या लिफ्टिंग हुकांनाच लावा. हुक नसतील तर ८.८ ग्रेडचे बोल्ट, तेही पूर्ण आटे बसतील इतके लांब. इंजिन लटकत असताना त्याच्याखाली हातसुद्धा जाता कामा नये.

इंजिन बाहेर असतानाच बदललेले भाग: क्रँकचे पुढचे-मागचे ऑइल सील, कॅम सील, टायमिंग बेल्ट टेन्शनरसह, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, चेंबर गॅस्केट, प्लग, इनटेक आणि एक्झॉस्टचे गॅस्केट, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. यातलं काहीही वगळू नका. मागच्या सीलबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण ते गळलं तर पुन्हा गिअरबॉक्स सोडवावा लागतो. जुन्या सीलच्या ओठाने क्रँकवर बारीक खाच पाडलेली असते, नखाला ती जाणवते. नवं सील बरोबर त्याच जागी बसवलं की ओठ त्या खाचेतच फिरतो आणि काही महिन्यांत ऑइल पाझरतं. सीलच्या घरात (ते बसतं त्या खाचेत) जागा असेल तर सील एक-दीड मिमी पुढे किंवा मागे बसवायचं, म्हणजे ओठ गुळगुळीत भागावर येतो. रबरी ओठाला ऑइलचं बोट लावायचं. टेफ्लॉनचं सील मात्र कोरडंच बसवायचं. ११,४०० किमीनंतर बेल हाउसिंगच्या खालच्या फटीत अजून धूळ कोरडी आहे.

उतरवण्याचं काम फारसं अवघड नाही.  पेट्रोल पंपाचा रिले काढून इंजिन चालू केलं की लाइनमधलं प्रेशर संपून ते आपोआप बंद पडतं, त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि मगच पेट्रोलचा पाइप सोडवायचा. जुनं इंजिन सुरूच होत नसेल तर पाइपाच्या जोडावर जाड फडकं धरून हळूहळू सैल करायचा. एसीचे पाइप उघडायचे नाहीत, कॉम्प्रेसर बोल्टवरून सोडून पाइपांसकट बाजूला बांधायचा. कुलंट विषारी आणि चवीला गोड असतो, झाकणाच्या डब्यातच काढा, नाहीतर कुत्री-मांजरं चाटतात. प्रत्येक कप्लरच्या दोन्ही तोंडांवर एकच नंबर लिहिलेली मास्किंग टेप लावा. बोल्टसाठी पुठ्ठ्यावर बेल हाउसिंगचं चित्र काढून ज्या त्या जागी भोक पाडून बोल्ट खोचून ठेवायचे. तिथले बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि लांब बोल्ट आखूड जागी गेला तर आटे किंवा कास्टिंग फुटतं.

खरी कसोटी इंजिन आणि गिअरबॉक्स जोडताना लागते. गिअरबॉक्स गाडीतच जॅकवर ठेवून इंजिन वरून सोडलं, तर ते आत सरकतं आणि बोटभर फट ठेवून अडतं. इथे बोल्ट लावून ती फट ओढून मिटवायचा मोह होतो. ते करू नका. त्या क्षणी गिअरबॉक्सच्या शाफ्टचे दाते क्लच प्लेटच्या दात्यांवर टेकलेले असतात. बोल्टने ओढलं तर प्लेटचा मधला हब वाकतो किंवा बेल हाउसिंगचा कान तडकतो. त्याऐवजी गिअर टाकून ठेवायचा म्हणजे शाफ्ट सहज फिरत नाही, आणि क्रँक पुलीचा बोल्ट पान्याने थोडा थोडा फिरवत इंजिन हाताने रेटायचं. सोबत वरची आणि खालची फट सारखी आहे का ते बघत जॅक वर-खाली करायचा. दाते जुळले की इंजिन स्वतःहून आत जातं, जागा नेमकी धरणाऱ्या दोन्ही डावेल पिना बसल्याचा आवाज येतो आणि कडा एकमेकींना टेकतात. त्यानंतरच बोल्ट. यासाठी क्लच प्लेट आधी अलाइनमेंट टूलने मधोमध धरलेली हवी. टूल नसेल तर योग्य जाडीचा लाकडी दांडा टेप गुंडाळून चालतो. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, अर्धा अर्धा फेरा आवळायचे. या कामात दोन तास गेले. पुन्हा करायचं झालं तर ड्राइव्ह शाफ्ट काढून इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र उतरवणं आणि जमिनीवर जोडणं जास्त सोयीचं, गिअर ऑइल नव्याने भरावं लागलं तरी. ऑटोमॅटिक गाडीत तर टॉर्क कन्व्हर्टर पूर्ण आत बसला आहे याची खात्री न करता जोडलं, तर गिअरबॉक्सचा पंप फुटतो.

वायरिंग, ईसीयू, सेन्सर आणि इंजेक्टर गाडीचे स्वतःचेच ठेवायचे. चावीची इमोबिलायझर ईसीयूशी बांधलेली असते, दुसऱ्या गाडीचा ईसीयू लावला तर गाडी सुरूच होत नाही. ब्लॉक ते बॉडी अशी जाड अर्थ वायर हमखास विसरली जाते. मग सेल्फ दमल्यासारखा फिरतो आणि क्लचची केबल गरम होते, कारण करंट तिच्यातून वाट काढतो.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून, पेट्रोल पंपाचा रिले काढून आणि कॉइलचे कप्लर सोडून सेल्फ १० सेकंद मारायचा आणि मिनिटभर थांबायचं. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत हे चालू ठेवायचं. इथे चौथ्या खेपेला विझला. फाउंडेशनचे बोल्ट आधी सैलच ठेवायचे, इंजिन आयडलिंगवर फिरून आपली जागा घेतं, मग आवळायचे. थेट आवळले तर स्टिअरिंगमध्ये थरथर येते आणि दोष इंजिनाला दिला जातो. कुलंट भरताना गाडीचं तोंड उंच, हीटर पूर्ण गरम, आणि पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत हवा काढायची. आयडलिंग ८०० ऐवजी १,४०० वर अडलं होतं, कारण इनटेकच्या रबरी पाइपाची क्लिप अर्धीच बसली होती. जोडांवर साबणाचं पाणी शिंपडलं की आवाज बदलतो, तिथेच गळती.

५०० किमीला पहिलं ऑइल बदललं. फिल्टर कापून कागद उन्हात उलगडून पाहिला. चुंबक फिरवून भागत नाही, कारण बेअरिंगचा धातू चुंबकाला चिकटत नाही, तो डोळ्यांनीच शोधावा लागतो. कागद स्वच्छ निघाला.

पहिल्या महिन्यात टॅपेट कव्हरमधून ऑइल पाझरून एक्झॉस्टवर पडू लागलं आणि जळका वास केबिनमध्ये येऊ लागला. जुनं गॅस्केट कडक होऊन त्याचा लवचीकपणा गेला होता. तिसऱ्या महिन्यात हीटरचा होज पाइप क्लिपपाशी फाटला. कुलंटचा काटा वर जाताच गाडी थांबवली म्हणून हेड वाचलं. पाचव्या महिन्यात गिअर बदलताना धक्का बसू लागला, मागच्या फाउंडेशनचं रबर उभं चिरलं होतं.

एक तक्रार वेगळ्या जातीची होती. चढावर ३,००० आरपीएमच्या पुढे पिकअप मिळेना. जुन्या इंजिनाने जाळलेल्या ऑइलने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपातला, धूर शुद्ध करणारा भाग) तुंबवला होता. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात गेज लावून २,५०० आरपीएमला दाब मोजा. ३ पीएसआयच्या वर गेला तर कन्व्हर्टर बदला. जुनं इंजिन का गेलं ते शोधल्याशिवाय नवं बसवू नका. तापून गेलं असेल तर रेडिएटर उलट्या दिशेने धुवा आणि पंखा नक्की लागतो का ते तपासा. बेअरिंग जाऊन गेलं असेल आणि ऑइल कूलर असेल तर तो बदलाच, आत अडकलेला चुरा धुऊन पूर्ण निघत नाही.

गाडीच्या कागदपत्रांवर इंजिन नंबर असतो. विकत घेतलेल्या इंजिनाचं बिल आणि नंबर जपून ठेवा, कागदपत्रांवरची नोंद बदलून घ्या.

आताचा हिशोब असा: ५,००० किमीत ऑइल २५० मिली कमी होतं, मायलेज लिटरला १३ वरून १७ वर आलं, कुलंटची पातळी चार महिने हललेली नाही. ११,४०० किमीला प्लग काढून कॉम्प्रेशन पुन्हा मोजलं. १७०, १६७, १७० आणि १६५.