सोलर सेन्सर लाईट: परभणीतला एक हिवाळा, एक उन्हाळा

मे महिन्यात एका रात्री नऊच्या सुमारास आई पाण्याचा तांब्या घेऊन गच्चीवर निघाली. जिन्यावरचा सेन्सर लाईट लागलाच नाही. वरून तिसऱ्या पायरीला ठेच लागली, तांब्या खणखणत पार खालपर्यंत गेला. कठडा हाताशी होता म्हणून निभावलं.

त्याआधी सहा महिने मीच गल्लीत ज्याला त्याला हा लाईट घ्या म्हणून सांगत होतो. दिवाळीत दोन घेतले, अकराशेला एक. एक ओट्यावर, एक जिन्याच्या डोक्यावर. वायर ओढायची नाही, बिल नाही. थंडीत साधं मांजर गेलं तरी भक्कन लागायचा.

कंपनीला फोन केला. पॅनल पुसा, बंद-चालू करा, एवढंच उत्तर. चार फोन झाले, दोन व्हिडिओ पाठवले, कुरिअरचे एकशे चाळीस रुपये माझ्याच खिशातून गेले. बदलून आलेला नगही तसाच! मी पैसे परत मागणार होतो, तेवढ्यात आमचा वायरमन म्हणाला, "दादा, एकदा पहाटे पाचला जिना चढून बघा." चढलो. पहिल्याच पायरीला लागला.

हा पीआयआर सेन्सर माणूस बघत नाही. अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक ओळखतो. आपलं अंग 37 अंशांच्या आसपास. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी पारा 42 च्या वर जातो आणि पश्चिमेची भिंत रात्री दहालासुद्धा हाताला गरम लागते. फरक उरणार कुठून? ही गोष्ट खोक्यावर छापायला काय हरकत होती? निदान फोनवर तरी सांगायची. राग लाईटचा नाही, याचा आहे.

आणखी एक कळलं. समोरून आडवं जाणारं माणूस सेन्सरला चटकन समजतं, सरळ त्याच्याच दिशेने येणारं उशिरा. म्हणून लाईट बाजूच्या भिंतीवर सात फुटांवर घेतला. बराच सुधारला, तरी ऐन उकाड्यात भरवसा नाहीच.

खोक्यावरचं आयपी 65, म्हणजे धूळ-पाणी आत जाणार नाही हा दर्जा, मात्र खरं निघालं. जूनच्या वादळी पावसात थेंबभर पाणी आत गेलं नाही. पॅनलवरची धूळ आठवड्याला पुसावी लागते.

ओट्यावरचा मात्र मी काढला. उजेड 6500 केल्विनचा, पांढराफट. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेल्या वाळव्यांचा असा थर पडला की सकाळी सुपलीने पंख भरले. तिथे आता 3000 केल्विनचा 7 वॉटचा पिवळा बल्ब आहे, काचेच्या कव्हरमध्ये. किडे येतात, पण निम्म्याहून कमी. रोज पाच तास लावला तरी महिन्याला जेमतेम एक युनिट जळतं. एवढ्या बिलासाठी अकराशे घालायची गरज नव्हती.

जिन्यावरचा ठेवलाय, पण मोड बदलून: रात्रभर मंद, कुणी आलं की मोठा. पहाटे चारपर्यंत बॅटरी पुरते. लाईट गेली की गच्चीवर तेवढाच उजेड असतो, म्हणून तो काढवत नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर जिन्यावर नुसत्या सेन्सरच्या भरवशावर राहू नका. पायऱ्यांच्या कडांना पांढरा रंग मार, असं आईने सांगितलंय. डबा आणलाय, रविवारी मारतो.