एकट्या मुलावरचे दोन सिनेमे: सोसायटीत कोणता लावायचा?

सोसायटीच्या हॉलमध्ये एका संध्याकाळी पालकांना सिनेमा दाखवायचा आहे, विषय ठरलाय, दुर्लक्षित मूल, आणि गाडी दोन नावांवर अडली आहे: आयर्लंडचा ‘द क्वाएट गर्ल’ (2022) की जपानचा ‘नोबडी नोज’ (2004). नाशकात सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणारे आईबाप आणि किल्ली घेऊन शाळेतून येणारी मुलं घरोघरी आहेत. कामावर जाणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे, हे आधीच सांगते. त्या पालकांना अपराधी वाटेल असं काही आपल्याला करायचं नाही.

म्हणूनच माझं मत ‘द क्वाएट गर्ल’ला. 1981 सालचा उन्हाळा. भावंडांच्या गर्दीत कुणाच्या खिजगणतीत नसलेली नऊ वर्षांची मुलगी आईच्या नात्यातल्या जोडप्याकडे काही दिवस राहायला जाते. ती बाई तिला न्हाऊ घालते, केस विंचरते. सुरुवातीला फटकून वागणारा तिचा नवरा शॉन एकदा जाता जाता मुलीपुढे टेबलावर बिस्किट ठेवतो आणि अक्षरही न बोलता निघून जातो. लळा लागतो तो असा. सिनेमा दीड तासाच्या आसपास, भाषा आयरिश, संवाद मोजके. इंग्रजी सबटायटल्स न वाचता येणाऱ्या आजीलाही बरंच कळेल, ही आपल्या हॉलच्या दृष्टीने मोठी सोय. ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपटांच्या गटात नामांकन मिळवणारा हा पहिला आयरिश भाषेतला चित्रपट.

‘नोबडी नोज’ मला जास्त थोर वाटतो, पण तो झेपायला हवा. दिग्दर्शक हिरोकाझू कोरे-एदा यांनी टोकियोत 1988 मध्ये उघडकीस आलेल्या, आईने सोडून दिलेल्या मुलांच्या खऱ्या प्रकरणावरून तो केला. चार भावंडं, धाकट्यांना सूटकेसमधून लपवून नव्या घरात आणलेलं, शाळेचं नाव नाही. आई दुष्ट नाही, हेच अंगावर येतं. ती लेकीची नखं रंगवते, मुलांशी हसते-खेळते आणि थोडे पैसे ठेवून निघून जाते. मग बारा वर्षांचा अकिरा घर चालवतो. वीज-पाणी तुटतं, मुलं बागेतल्या नळावर कपडे धुतात, नूडल्सच्या रिकाम्या डब्यांत रोपं लावतात. चित्रीकरण जवळपास वर्षभर चाललं, त्यामुळे अकिरा आपल्यादेखत मोठा होतो. ते काम करणाऱ्या युया यागिराला वयाच्या 14व्या वर्षी फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

पण हा सिनेमा 141 मिनिटांचा आणि शेवटाकडे फार जड. लहान मुलं हॉलमध्ये असतील तर अजिबात लावू नका. शिक्षक, अंगणवाडीताई, समुपदेशक अशा मंडळींसाठी वेगळा खेळ ठेवा आणि नंतर बोलायला तासभर राखून ठेवा. शेजारच्या बंद दाराआड काय चाललंय हे इतक्या मोठ्यांपैकी कुणीच का विचारलं नाही, यावर लोक बोलतीलच.

पालकांच्या संध्याकाळी मात्र ‘द क्वाएट गर्ल’च लावा.